साहेबाचं डोकं जाळ्यात

आमच्या वाडीच्या नमनात इंग्रजाची भूमिका सगळ्यात गोऱ्या माणसाला मिळते, असा बाहेरच्यांचा समज आहे. तसं काही नाही. ज्याला गाता येत नाही, नाचता येत नाही आणि ज्याची वर्गणी मोठी असल्यामुळे वगळताही येत नाही, त्याला ती मिळते. मुंबईची नोकरी संपवून मी नाटे गावी कायमचा राहायला आलो, तेव्हा या तिन्ही अटी मी एकटा पुऱ्या करत होतो. भाऊ आमच्या नमनाचे सूत्रधार, एरवी जांभ्याच्या चिऱ्यांचा धंदा. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "नाना, तुमी रेव्हिंग्टन."

हेन्री रेव्हिंग्टन हा आमच्या तालुक्याच्याच इतिहासातला इसम. राजापूरला इंग्रजांची वखार होती, तिचा हा मुख्य. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा हा व्यापारी मिरी-सुपारी सोडून तोफगोळे घेऊन तिकडे गेला आणि इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर मारा केला. पुढच्या वर्षी, १६६१ मध्ये, शिवाजी महाराज राजापुरावर चालून आले, वखार लुटली आणि साहेबाला साथीदारांसकट धरलं. पुढे सोनगडावर डांबलेल्या त्या इंग्रजांनी सुटकेसाठी सुरतेला विनवण्या केल्या, तर सुरतेच्या वरिष्ठांनी उलट त्यांनाच झाडलं. पन्हाळ्याला जाऊन आपल्या निशाणाखाली गोळे फेकायला तुम्हाला सांगितलं कोणी, असा त्या उत्तराचा मथितार्थ. माझा जन्म नोकरीत गेलेला. हेड ऑफिसचं हे वळण ओळखीचं वाटून मला रेव्हिंग्टनचा एकदम उमाळाच आला. या माणसाला न्याय द्यायचा, असं मी ठरवलं.

न्यायाच्या आड आला ड्रेपरीवाला. त्याने इंग्रजासाठी एक लाल कोट पाठवला होता. त्याच्या खांद्यांवरच्या सोनेरी झिरमिळ्या बघून पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही बँडात काय वाजवणार?" सोबत एक फेल्टची टोपी होती, तिला आधीच्या साहेबांच्या तेलाचा वास. आता आमच्याकडे गण, गौळण, रासक्रीडा होऊन वग सुरू व्हायला मध्यरात्र उलटते. शिमग्यात पालखीबरोबर दिवसभर फिरलेली माणसं तोवर मांडीवर पोर घेऊन पेंगत असतात. ती खडबडून जागी व्हावीत असा साहेब मला उभा करायचा होता. फेल्टच्या टोपीला कोण जागं होणार? कोट मी ठेवून घेतला आणि टोपी परत केली. "डोक्याचं मी बघतो," म्हटलं.

पुढचा सगळा घोळ मोबाइलवर झाला. जुने इंग्रज योद्धे शोधता शोधता मला बायोच्या भरतकामाचं चित्र सापडलं. फ्रान्समधला सुमारे सत्तर मीटर लांबीचा कापडी पट्टा, त्यावर १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई विणकराच्या नव्हे, सुईच्या टाक्यांत भरलेली. त्यातले घोडेस्वार लोखंडी कड्यांच्या जाळीत मढलेले. डोक्यावरून, कानांवरून, हनुवटीखालून जाळी, आणि उघडा फक्त तोंडाचा गोल. मी हरखलो. त्यातले इंग्रज कोणते आणि त्यांना कापणारे नॉर्मन कोणते, हे बघायच्या भानगडीत मी पडलो नाही. १०६६ आणि १६६१ यांच्यातही मला फार अंतर वाटलं नाही. दोन्ही सालांत दोन-दोन सहा आहेत, एवढा पुरावा मला पुरला.

सोळा गेजची जीआय तार हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते. दुकानदाराने विचारलं, "कुंपणाला?" मी म्हटलं, "टोपीला." तो गप्प झाला, पण वजन करताना काट्याऐवजी माझ्याकडेच बघत राहिला.

कृती दिसायला सोपी आहे. तार सळईवर घट्ट गुंडाळायची, तिचं स्प्रिंग होतं. ते उभं कापलं की कड्या सुट्या. तार दीड मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त जाडीची आणि कडीची आतली रुंदी आठ मिलिमीटर, म्हणजे साधारण पाचपट, असं प्रमाण धरलं की प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या गुंतवता येतात आणि जाळी ना ताठ होते ना भोकाभोकांची. मी बांधकामावरून आठ एमएमची सळई मागून आणली आणि तिच्यावर हातभर स्प्रिंग वळलं. ते निघेना. सळईला काँक्रीट धरून ठेवायला अंगभर कंगोरे असतात हे मला माहीत होतं. जी काँक्रीटला सोडत नाही ती तारेला कशी सोडेल, हा विचार मात्र तार वळून झाल्यावर सुचला. ते जोडकाम आजही मांगरात आहे, एकजीव. अखेर मोडक्या छत्रीची गुळगुळीत दांडी कामी आली. कोकणातल्या घरात मोडक्या छत्र्या आणि त्या कधीतरी उपयोगी पडतील हा विश्वास, दोन्ही भरपूर असतं.

मग रोज संध्याकाळी दोन हातांत दोन पकडी आणि मांडीवर कड्यांचं ताट. कडी फाकवायची नाही, पिळून उघडायची, चार कड्यांतून ओवायची, पुन्हा पिळून मिटायची. टोकाला टोक असं भिडलं पाहिजे की नख लागता कामा नये. माझं नख सगळीकडे लागत होतं. जस्ताने बोटं राखाडी झाली. बायको म्हणाली, "अहो, एवढे हात आंब्याच्या पेट्यांना लावले असते तर चार पैसे सुटले असते." तिला इतिहासाचं वावडं आहे.

खरी अडचण टाळूला आली. सरळ पट्टा कोणीही विणेल, पण डोकं गोल असतं. मधल्या एका कडीपासून सुरुवात करून फेऱ्या घालत जायचं आणि दर फेरीत ठरावीक अंतराने जास्तीची कडी घुसवायची, तेव्हा घुमट धरतो. कड्या कमी पडल्या तर टोक येतं, जास्त झाल्या तर झालर सुटते. माझ्या पहिल्या प्रयत्नाला टोक आलं. दुसऱ्याला एका बाजूने टोक आणि दुसऱ्या बाजूने झालर अशी दोन्ही आली.

तेव्हा पुतण्या मला साखरीनाटेच्या जेटीवर एका चाचांकडे घेऊन गेला. यांत्रिक होड्यांची मोठी जाळी आता कारखान्यातून येतात, पण चाचा अजून हाताने पाग विणतात. पाग म्हणजे खांद्यावरून गोल फेकायचं जाळं. त्याची सुरुवात शेंड्याला होते, खाली येताना आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, वाढवत न्यायची आणि घेराला शिशाचे मणी ओवायचे. म्हणजे मी जे डोक्यासाठी करत होतो तेच चाचा आयुष्यभर माशांसाठी करत आले होते. त्यांनी माझं लोखंडी प्रकरण मुठीत धरून झुलवलं, गोलाकार फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात काय धरायचंय?"

"माझं डोकं."

त्यांनी डोक्याकडे बघितलं. मग कुठल्या फेरीत किती आस वाढवायची, दोन वाढींमध्ये किती सोडायची, आधीच्या फेरीतल्या वाढीच्या बरोबर खाली पुढची वाढ का घ्यायची नाही, हे सगळं नायलॉनच्या दोऱ्यावर मला करून दाखवलं. ते बघताना पुतण्याला सगळं समजलं. मला पुतण्याने घरी आल्यावर समजावलं.

टोप डोक्यावर बसला, वजन दीड किलोच्या आसपास भरलं. आरशात मी इतका नॉर्मन दिसत होतो की काही वेळ बायकोशीही तुसडेपणाने बोललो. पण काढताना किंकाळी फुटली. टाळूवर माझ्या काही उरलेलं नाही. कानांमागे आणि मानेवर जे सांभाळून ठेवलं होतं, ते नीट न मिटलेल्या कड्यांनी नेमकं वेचून घेतलं. जुने योद्धे आत कापूस भरलेली जाड टोपी का घालत, हे त्या क्षणी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट कळलं. घरात तसं एकच वस्त्र होतं, ते म्हणजे महाबळेश्वरच्या सहलीला घेतलेली तपकिरी माकडटोपी. लोकरीवर लोखंड, आणि शिमग्यातलं कोकणातलं हवामान. तालमीत माझा घाम हनुवटीवरून लाल कोटावर असा टपकायचा की भाऊ म्हणाले, "साहेब घाबरलाय, असाच ठेवा."

त्यात गंज. तारेला जस्ताचा मुलामा असतो, पण कापलेल्या टोकाला उघडं लोखंडच. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने प्रत्येक कडीला एक-एक तांबडा टिळा लावला. जुन्या काळी अशी जाळी पिंपात वाळू आणि शिरका घालून घोळवत, असं वाचलं होतं. शिरका घरात नव्हता, कोकमाचं आगळ होतं. आंबट ते आंबट, म्हणून टोप मी रात्रभर आगळात घातला. आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ घालतात, ते घालताना मी दर वर्षी बघतो. सकाळपर्यंत आंबटाने जस्त खाल्लं होतं आणि मिठाने लोखंडाला हात घातला होता. टोप पुरता विटकरी झाला. बायकोचा प्रश्न एवढाच होता की सोलकढी आता कशाची करायची. भाऊंना मात्र तो रंग फार आवडला. "जुना वाटतोय," म्हणाले. जुना तो होताच, पण किती जुना ते रंगीत तालमीला आलेल्या इतिहासाच्या बाईंनी सांगितलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "नाना, रेव्हिंग्टनच्या आधी सहाशे वर्षांचा टोप घातलाय तुम्ही. त्याच्या काळात इंग्रज व्यापारी हॅट घालायचे. आपले लोक त्यांना टोपीकर म्हणायचे ते उगीच नाही."

म्हणजे ड्रेपरीवाल्याची तेलकट फेल्टच इतिहासाला जास्त धरून होती. मी म्हटलं, "पण वखारीवर हल्ला होणार म्हटल्यावर एखादा जपून..."

"जपून वागणारा माणूस पन्हाळ्याला गेला असता का?" मग त्या रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला बघत म्हणाल्या, "असलं जाळीचं लोखंड त्या काळात कुठे असेल तर ते तिकडे."

तिकडे आमचे महाराज उभे होते. दिवसा ते आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो चालवतात. अंगात जांभळी साटीन, डोक्यावर मखमलीचा, मोत्यांचे झुपके लावलेला जिरेटोप. बाईंचं म्हणणं खरं होतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर लोखंडी टोप घातला होता, हे आमच्याकडे तिसरी-चौथीतलं पोरही सांगतं. मराठी फौजेत सगळे काही लोखंडात मढलेले नसत, हलकं आणि चपळ राहण्यावर त्यांचा भर. पण जाळीचं चिलखत दख्खनला चांगलं माहीत होतं. आमच्या वगात मात्र लोखंडात साहेब आणि साटीनमध्ये राजे. उद्या दोघांची खरोखर जुंपली असती तर इतिहास बदलला असता.

टोप उतरवून टोपी घालायला तेव्हाही वेळ होता. पण एवढ्या कड्या ओवल्यावर माणूस पुराव्याकडे बघत नाही. उलट मी टोपाची दुरुस्ती काढली. हनुवटीखाली जाळी लोंबते, ती चित्रातल्यासारखी गळ्याशी चापून बसली पाहिजे. प्रयोगाच्या संध्याकाळी टोप डोक्यावर ठेवूनच पुतण्याला मागे पक्कड घेऊन बसवलं. मानेवरच्या जास्तीच्या कड्या काढायच्या आणि घेर आवळून पुन्हा जोडायचा. तो म्हणाला, "काका, मान डोक्यापेक्षा बारीक असते." मी म्हटलं, "म्हणून तर आवळायचं." दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो.

प्रयोगाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मला त्यातलं थोडकंच ऐकू आलं. लोकर आणि लोखंड यांच्या आत कान. मृदुंग कळत होता, झांज कळत होती, शब्द कळत नव्हते. कोटाला लावलेल्या माइकवर मात्र माझ्या प्रत्येक हालचालीची खळखळ गावभर जात होती. लोक जागे झाले, ही माझी कमाई. पण त्यांना वाटलं नमनातला संकासूर परत आला. महाराजांनी गरजून विचारलं, "पन्हाळ्यावर गोळे टाकायला तुला कोणी पाठवलं?" मला ऐकू आलं ते फक्त "पाठवलं?" ठरलेलं उत्तर मी विसरलो आणि नोकरीतल्या सवयीने बोलून गेलो, "हेड ऑफिसला विचारून सांगतो." मंडप कोसळला. भाऊ विंगेतून अंगठा दाखवत होते. अख्ख्या नमनात इतिहासाला सर्वांत जवळचं वाक्य ते होतं, आणि ते माझं नव्हतं, बहिरेपणाचं होतं.

कैद करून मला आत नेलं आणि मग कळलं की कैद खरीच झाली आहे. टोप निघेना. पुढे वाकून, डोकं खाली करून वजनाने तो सरकू द्यायचा, ही रीत मला पाठ होती. सरकला तो कानांपर्यंत. तिथे मी आवळलेला गळा डोक्याच्या सर्वांत रुंद भागाशी भिडला आणि थांबला. महाराजांनी वरून ओढलं, संकासुराने पाय धरले. गौळणींपैकी दोघे, मिश्या आता परत लावलेले, तेल आणतो म्हणाले. खोबरेल तेल ओतलं, ते सगळं माकडटोपीने प्यायलं. महाराज म्हणाले, "टेम्पोत ग्राइंडर हाय." ते मावळ्याला वायर सोडायला सांगतायत हे ऐकून मी लाल कोटासकट मंडपाबाहेर पळालो. साहेब महाराजांसमोरून पळतोय, हे पाहून मागच्या रांगेतल्यांनी पुन्हा टाळ्या दिल्या.

पहाटे पुतण्याने मला स्कूटरवर मागे बसवून साखरीनाटेला काढलं. पोलीस ठाण्यावरून जाताना दारातल्या हवालदाराने हातातला चहा खाली ठेवला. हेल्मेट नसल्याबद्दल अडवावं तर डोक्यावर दीड किलो लोखंड, न अडवावं तर हे काय चाललंय, असा पेच त्याच्या चेहऱ्यावर दिसला. तो सुटायच्या आत आम्ही वळण घेतलं. जेटीवर मासळीचा लिलाव रंगात आला होता. बांगड्याच्या टोपल्यांमधून मी जात होतो, तेव्हा बोली क्षणभर थांबली आणि कोणीतरी माझीही बोली लावली. आकडा सांगत नाही, अपमानास्पद होता.

चाचा पाग दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग मला ओंडक्यावर बसवून मागून टोप तपासला.

"आस वाढवत आणलीस ते बरं केलंस. खाली घटवायला कोणी सांगितलं?"

"गळ्याला बसावा म्हणून."

"असा पाग विणला तर मासा आत तरी कसा जाईल?"

"मी गेलो ना आत."

"तू आत गेलास, मग विणलंस." एवढं बोलून त्यांनी पुतण्याकडून दोन पकडी घेतल्या. ग्राइंडर नाही, कटर नाही. मानेपासून कानामागपर्यंत एकच उभी ओळ धरली आणि एकेक कडी पिळून उघडत वर गेले. निघालेली प्रत्येक कडी पत्र्याच्या डब्यात, कारण टाकायचं काही नसतं. माकडटोपी केसांना, केस कड्यांना, कड्या गंजाला असे सगळे एकमेकांत गुंतले होते. त्यांनी ते इतक्या हलक्या हाताने सोडवलं की मला एकदाही कळलं नाही. डोकं मोकळं झालं तेव्हा लिलाव मला पुन्हा ऐकू येऊ लागला. ती फाट परत मिटवू नकोस, दोरी ओवून बांध, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे वाचलं तर जुने कारागीरही अशा टोपाला बांधायच्या नाड्या किंवा हनुवटीवर उघडझाप करणारी झडप ठेवत. मी न वाचलेल्या पानावर ते सगळं होतं.

कपाळावरचा गंजाचा पट्टा काही केल्या जाईना. शिमगा असल्यामुळे लोकांना तो गुलाल वाटला आणि मी नवस फेडला अशी बातमी झाली. ती मी खोडली नाही.

त्यानंतर पुण्याला मुलीकडे गेलो, तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात बराच वेळ काढला. जुनं जाळीचं काम जवळून बघितलं की आपली योग्यता कळते. अस्सल कडीची टोकं नुसती भिडवलेली नसतात. ती चपटी करून, एकावर एक ठेवून, भोक पाडून, इवल्याशा रिव्हेटने ठोकतात. असं प्रत्येक कडीला, आणि कड्या हजारोंनी. अशी जाळी केस उपटत नाही आणि तलवारीने सहज उसवतही नाही. आपल्याकडच्या काही चिलखतांत कडीच्या मध्ये आडवी दांडी असलेल्याही कड्या असतात, त्या कशा घडवत असतील या विचारात मी काचेला नाक लावून उभा राहिलो. रखवालदार दोनदा खाकरला.

परत आल्यावर भाऊंना म्हटलं, पुढच्या वर्षी रेव्हिंग्टन पुतण्याला द्या, फेल्टच्या टोपीत. जाळी महाराजांच्या अंगावर चढवू. भाऊंना साटीनची काळजी, ड्रेपरीवाल्याचं भाडं आधीच ठरलेलं. शेवटी साटीनच्या आत जाळी असा तोडगा निघाला. अंगरख्याखाली चिलखत म्हणजे इतिहासाला धरूनच. बाईंनी मान डोलावली. हार्डवेअरवाल्याने या वेळी काही विचारलं नाही, सरळ तारेचं अख्खं भेंडोळं काढून दिलं. महाराजांना छातीचं माप विचारायला फोन केला, तेव्हा ते कोल्हापूरच्या वाटेवर, गाडीत पेट्या.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले. "पण नाना, सीझनमध्ये माझं वजन उतरतं. पावसात परत चढतं. तुमी मधलं धरा."

"मधलं म्हणजे किती?"

"ते चाचांना विचारा."